सहा बाटल्या, एक स्ट्रिप आणि पायाला मुंग्या

ताई, नमस्कार. मी २९ वर्षांची आहे, त्यामुळे मला 'तू'च म्हणा. सिंहगड रोडला आई-बाबांसोबत राहते, नोकरी हिंजवडीला. अडीच वर्षांपूर्वी मी वीगन झाले, वजनासाठी नाही, प्राण्यांसाठी. दूध, दही, तूप, पनीर, मध सगळं बंद. अंडी-मांस आमच्याकडे कधीच नव्हतं. पहिली दोन वर्षं मस्त गेली. या जूनपासून मात्र चारदा सर्दी झाली आणि दोनदा अँटिबायोटिक घ्यावं लागलं. आई म्हणते, "तूप-दूध सोडलंस, अंगात ताकद राहणार कुठून?" फेब्रुवारीत लग्न आहे, म्हणून आत्याही मागे लागली आहे की त्याआधी हे खूळ सोड.

इम्युनिटीसाठी मी बरंच काही घेते. फोटो पाठवलाय: मल्टिव्हिटॅमिन, व्हिटॅमिन सी १००० ची पाण्यात विरघळणारी गोळी, झिंक ५० मिलिग्रॅम, व्हिटॅमिन डी ६०,००० आठवड्याला एक (दहा महिने झाले), स्पिरुलिना, गुळवेल-तुळशीचे थेंब आणि केसांसाठी बायोटिन. महिन्याला साडेचार हजार जातात. सकाळी ओट्स आणि बदामाचं दूध, दुपारी सॅलड, रात्री सूप किंवा आईने केलेली भाजी-पोळी. मीठ सैंधव. झोप साडेपाच तास. सकाळी गोळ्या घेतल्या की मळमळतं. कधीकधी रात्री पायाला मुंग्या येतात, पण ते दिवसभर बसून असेल.

यातलं काय ठेवू, काय काढू, अजून काय घेऊ? आणि आईला काय सांगू? तिला स्वतःला बारा वर्षं शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, पण सल्ले मात्र मला.

एक वाचक, पुणे

*

अगं, तुझा फोटो मोठा करून करून पाहिला. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडावेत तशा उंचीप्रमाणे बाटल्या लावल्यास, पुढे डी-ची स्ट्रिप आडवी, आणि मागे कोपऱ्यात, बहुधा नकळत, आईची तुपाची बुधली आली आहे. मल्टिव्हिटॅमिनचं लेबल सुदैवाने कॅमेऱ्याकडे होतं. अक्षर मुंगीच्या पायाएवढं, पण वाचता आलं. फोलिक अॅसिड ३०० मायक्रोग्रॅम. बी-१२ फक्त १ मायक्रोग्रॅम.

तुझं अर्धं पत्र सर्दी आणि बाटल्यांवर आहे आणि मुंग्यांवर एक वाक्य, तेही 'बसून असेल' म्हणून मिटवलेलं. मी उलट्या क्रमाने जाणार आहे. सर्दी आपोआप जाते. मुंग्यांकडे दुर्लक्ष केलं तर त्या जातीलच असं नाही.

बी-१२ वनस्पती बनवत नाहीत आणि प्राणीही बनवत नाहीत, ते बनवतात जिवाणू. गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणू ते तयार करतात आणि तिथून ते दुधात उतरतं. दूध बंद झालं की तुझा तो एकमेव रस्ता बंद झाला. तरी दोन वर्षं काहीच का जाणवलं नाही? कारण यकृतात साठा असतो आणि तो हळूहळू खर्च होतो. बँकेत शिल्लक आहे तोवर पगार थांबलाय हे कळत नाही, तसं. त्यात तू जन्मापासून शाकाहारी, म्हणजे शिल्लकही बेताचीच असणार.

हा फक्त वीगन लोकांचा प्रश्न आहे असंही समजू नकोस. आपल्या पुण्यातच केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं बी-१२ वर काम करत आहेत. २००६ साली त्यांनी पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांच्या तपासण्या प्रसिद्ध केल्या, तेव्हा साधारण तिघांतल्या दोघांचं बी-१२ कमी निघालं होतं, आणि शहरी मध्यमवर्गात तर त्याहून जास्त जणांचं. ही दूध-दही खाणाऱ्या घरांतली माणसं होती.

माझ्या घरचंच सांगते. माझे वडील सत्तरीत जिना उतरताना अडखळायला लागले. आम्ही चष्म्याचा नंबर बदलला, चपला बदलल्या, जिन्यात जास्त उजेडाचा दिवा लावला. 'वय झालं' हे वाक्य तर रोजचंच. अखेर रक्त तपासलं तेव्हा बी-१२ निघालं १०४. रोज रात्री पेलाभर दूध पिणारा माणूस! इंजेक्शनं झाली, चाल सुधारली, पण तळपायाचा बधिरपणा थोडा राहिला तो राहिलाच. आणि आहारशास्त्र शिकलेली मुलगी त्याच घरात राहत होती. म्हणून तुझं 'बसून असेल' वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसले.

बी-१२ कमी झालं की रक्तपेशी नीट बनत नाहीत, त्यात रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही आल्या. शिवाय मज्जातंतूंवरचं आवरण खराब होत जातं. मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं, विसरभोळेपणा, जीभ लालबुंद होऊन आग होणं, ही त्याची लक्षणं. आता तुझ्या मल्टिव्हिटॅमिनची गंमत बघ. त्यात फोलिक अॅसिड भरपूर आणि बी-१२ नावापुरतं. फोलिक अॅसिडमुळे बी-१२ च्या कमतरतेचा अॅनिमिया झाकला जाऊ शकतो. हिमोग्लोबिनचा रिपोर्ट बरा दिसतो, डॉक्टर 'ठीक आहे' म्हणतात आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

स्पिरुलिनावर 'बी-१२ युक्त' असं लिहिलेलं असलं तरी त्यावर विसंबू नकोस. त्यात बरंचसं असतं ते बी-१२ सारखं दिसणारं, पण माणसाच्या शरीराला न चालणारं रूप. किल्ली कुलपात जाते, फिरत नाही. इडलीचं पीठ आंबवल्याने बी-१२ तयार होतं, भाजी न धुता खाल्ली की मातीतून मिळतं, या गोष्टीही तू ऐकल्या असशील. भाजी धुऊन खा. मंडईतल्या पालेभाजीला लागलेल्या मातीतून बी-१२ मिळण्याआधी जंत मिळतील.

तर आता काय करायचं? येत्या शनिवारी रक्त दे. बी-१२, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि, आईला शुगर आहे म्हणून, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर). बायोटिन मात्र बुधवारपासूनच बंद कर. केसांच्या गोळ्यांत बायोटिन इतकं जास्त असतं की थायरॉइडसारख्या काही तपासण्यांचे आकडे त्याने चुकतात, आणि मग नसलेल्या आजारावर औषध सुरू होतं. रिपोर्ट आला की फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि पहिलं वाक्य मुंग्यांचं बोल, सर्दीचं नको. शुगर, थायरॉइड यांनीही मुंग्या येतात, ते त्यांना बघू दे. बी-१२ २०० च्या खाली असेल तर प्रश्नच नाही. २०० ते ३०० च्या मधे असेल आणि मुंग्या असतील तर 'नॉर्मल आहे' म्हणून परत येऊ नकोस. होमोसिस्टीन किंवा एमएमए (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारे दोन पदार्थ) ही पुढची तपासणी करता येते का ते विचार. इंजेक्शन की मोठ्या मात्रेची गोळी आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील.

एकदा पातळी वर आली की मग रोजचं साधं गणित उरतं. प्रौढ माणसाला दिवसाला लागतं सव्वादोन मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि मेडिकलमध्ये गोळी मिळते १००० किंवा १५०० ची. लोक घाबरतात, एवढी मोठी कशाला? पीएमपीची बस डोळ्यासमोर आण. स्टॉपवर हजार माणसं उभी असली तरी दारातून एका वेळी दोघंच आत शिरतात. आतड्यातला बी-१२ चा नेहमीचा दरवाजा तसाच आहे, एका खेपेला जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम आत घेतो. उरलेल्यातलं एकच टक्का खिडकीतून चढतं. हजारातले दहा-बारा पोचतात ते असे. म्हणून १००० ची गोळी आठवड्यातून दोनदा, नाहीतर १० मायक्रोग्रॅमची रोज, दोन्हीचा हिशेब चालतो. गोळीत बी-१२ ची दोन रूपं मिळतात. सायनोकोबालामिन स्वस्त आणि टिकाऊ आहे, मिथाइलकोबालामिनच हवं असा हट्ट नको. आणि हे जन्मभर. वीगन राहायचं तर यात सूट नाही. तत्त्वाशी तडजोडही नाही, कारण गोळीतलं बी-१२ जिवाणूंकडूनच करवून घेतलेलं असतं, गाईला मधे न घालता.

लग्नानंतर कधी बाळाचा विचार करशील तर ही पातळी त्याच्या आधी वर हवी. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चालू असलेल्या माता-पोषणाच्या अभ्यासात असं दिसलं, की गरोदरपणी ज्यांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. तुझ्या मल्टिव्हिटॅमिनच्या लेबलवर नेमकी तीच जोडी बसली आहे. आत्याला हे सांगू नकोस, उगाच तिच्या हातात कोलीत.

आता बाकीच्या बाटल्या.

झिंक आजच बंद कर. सकाळची मळमळ बहुतेक त्याचीच आहे, रिकाम्या पोटी झिंक अनेकांना सोसत नाही. पण खरं कारण वेगळं आहे. प्रौढांसाठी झिंकची वरची मर्यादा दिवसाला ४० मिलिग्रॅम मानतात, आणि तू महिनोन् महिने ५० घेतेयस, वर मल्टिव्हिटॅमिनमधलं वेगळं. जास्तीचं झिंक आतड्यात तांबं अडवतं. तांबं कमी झालं की पांढऱ्या पेशी कमी होतात आणि, हो, पायाला मुंग्या येतात. प्रतिकारशक्तीसाठी घेतलेली गोळी प्रतिकारशक्तीच्याच मुळावर उठायची. डॉक्टरांना हेही सांग, तांब्याची तपासणी करायची का ते ते बघतील. वीगन आहारात झिंक थोडं अवघड जातं हे खरं, कारण धान्य-कडधान्यांतलं फायटेट त्याला धरून ठेवतं. पण त्यावर उपाय आहे आणि तो बाटलीत मिळत नाही. पुढे सांगते.

डी बद्दल तुला वाईट वाटेल, पण सांगायला हवं, कारण तुझ्या जागी मी असते तर मलाही हे कळायला हवं होतं. ती मऊ कॅप्सूल बहुधा जिलेटिनची असते, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यापासूनची, आणि आतलं डी-३ सहसा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून केलेलं. औषधांच्या स्ट्रिपवर हिरवा ठिपका शोधून उपयोग नाही, तो खाद्यपदार्थांसाठी असतो. तसा खाद्यपदार्थांवरचा हिरवा ठिपकाही दूध-मध चालवून घेतो. वीगनसाठी २०२२ च्या नियमांप्रमाणे वेगळं चिन्ह आलंय, हिरव्या चौकटीत इंग्रजी 'व्ही' आणि त्यावर पान, ते बघ. डी-३ आता दगडफुलाच्या जातीच्या लायकेनपासून काढलेलंही मिळतं. डी-२ हाही पर्याय आहे.

पण ते नंतर. आधी तुझी पातळी आणि कॅल्शियम कळू दे. ६०,००० ची आठवड्याला एक, हा कोर्स साधारण आठ आठवड्यांचा असतो, मग डॉक्टर अंतर वाढवतात. तू दहा महिने थांबलेलीच नाहीस. डी जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाही, साठतं. रक्तातलं कॅल्शियम वाढतं, तहान, उलट्या, बद्धकोष्ठता आणि शेवटी मूत्रपिंडावर ताण. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, ते 'आठवड्याला'च्या जागी 'रोज' असं ऐकून दोन महिने घेत राहिले. त्यांना अॅडमिट करावं लागलं. रिपोर्ट येईपर्यंत गच्चीवर दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हा, हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं बस. सकाळी साडेसहाला टेकडीवर जात असशील तर छान, फुप्फुसांना आणि मनाला चांगलं, पण त्या कोवळ्या उन्हात डी बनत नाही.

सी १००० ची फसफस बघायला छान वाटते. अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा असं निघालं, की रोज सी घेतल्याने सर्वसाधारण माणसाच्या सर्दींची संख्या कमी होत नाही. रोज घेणाऱ्या प्रौढांची सर्दी आठेक टक्क्यांनी लवकर बरी होते, म्हणजे सात दिवसांच्या सर्दीत अर्धा दिवस वाचतो. मॅरेथॉन धावणारे, बर्फात कवायत करणारे सैनिक, यांना मात्र चांगला फायदा दिसला. तू त्यात मोडत नाहीस, अगदी हिंजवडीचा प्रवास धरला तरी. एक पेरू खा. त्यात संत्र्याच्या चौपट सी असतं.

गुळवेल. इथे मला पत्रं येतील हे माहीत आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की ती गुळवेल नसून तशीच दिसणारी दुसरी वेल असेल. असेलही. पण मग तुझ्या बाटलीत कोणती वेल आहे हे तुला कसं कळणार? वैद्यांनी नाडी बघून, ठरावीक दिवसांसाठी दिलेलं औषध वेगळं आणि 'बूस्टर' म्हणून बारमाही थेंब वेगळे. बंद कर. बुधवारी बंद केलेलं बायोटिन परत सुरू करू नकोस, आणि स्पिरुलिना संपली की परत आणू नकोस. मल्टिव्हिटॅमिनचं रिपोर्ट आल्यावर ठरवू.

म्हणजे साडेचार हजारांतलं जवळजवळ काहीच उरलं नाही, आणि जे हवं होतं, ती बी-१२ ची गोळी, फोटोत नव्हतीच.

सर्दीकडे येते. मोठ्या माणसाला वर्षाला दोन-तीन सर्दी होणं हे अगदी नेहमीचं आहे. नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेच्या वर प्रकार आहेत, एकाशी लढून झालं की दुसरा हजर. एसी बसमध्ये तासभर बंद खिडक्या, ऑफिसात ज्यांची मुलं नर्सरीत आहेत असे सहकारी, त्यात तुझी चौथी सर्दी काही आभाळ कोसळल्यासारखी नाही. अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही, तेव्हा पुढच्या वेळी स्वतःहून मागू नकोस.

पण एक विचारते. ताप नाही, सकाळी उठल्या उठल्या पंधरा-वीस शिंका, नाकातून पाण्यासारखं, डोळे चुरचुरतात, असं आहे का? तर ती सर्दी नसून अॅलर्जी असेल. अॅलर्जी म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडणं नव्हे, ती नको तिथे आवाज चढवणं आहे. तिला 'बूस्ट' कशाला करायची? सिंहगड रोडच्या बांधकामांची धूळ आहेच, आणि पावसानंतर रिकाम्या प्लॉटवर गाजर गवत फुलतं. या गवताची भारतातली पहिली नोंद १९५० च्या दशकात झाली तीही पुण्यातच. अभिमानाच्या यादीत आपण हे घेत नाही इतकंच.

आणि झोप. २००९ साली अमेरिकेत पिट्सबर्गला १५३ निरोगी माणसांच्या नाकात मुद्दाम सर्दीच्या व्हायरसचे थेंब टाकले. त्याआधी दोन आठवडे त्यांची झोप नोंदवली होती. सात तासांहून कमी झोपणाऱ्यांना आठ किंवा जास्त तास झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट प्रमाणात सर्दी झाली. तू साडेपाच तास झोपतेस. तुझ्या फोटोतल्या एकाही बाटलीच्या नावावर एवढा फरक जमा नाही. फ्लूची लस दरवर्षी घे. ती साध्या सर्दीवर नाही, पण खऱ्या फ्लूवर आहे. बऱ्याच फ्लूच्या लशी अंड्यात वाढवतात, म्हणून तुझं मन कचरेल. वीगन शब्द ज्यांनी १९४४ साली इंग्लंडमध्ये काढला त्या संस्थेच्याच व्याख्येत 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं' असं आहे. औषध आणि लस त्या सवलतीसाठीच आहे असं मी मानते. तुझा निर्णय तुझा.

जेवणाबद्दल मात्र मी आईच्या बाजूची आहे. बदामाच्या दुधात पेल्याला जेमतेम ग्रॅमभर प्रथिनं असतात. पांढरं पाणी आहे ते, महागडं. सोया दुधात सात ग्रॅमच्या आसपास मिळतात, कॅल्शियम घातलेलं बघून घे आणि खोकं हलवून ओत, नाहीतर कॅल्शियम तळाशी बसतं. रोगजंतूंशी लढणाऱ्या अँटिबॉडी या प्रथिनांच्याच असतात. तुझं वजन लिहिलं नाहीस, ५४ किलो धरते, तर दिवसाला ४५ ग्रॅम तरी हवीत. सॅलड आणि सुपातून ती यायची नाहीत. दोन ज्वारीच्या भाकऱ्यांतून दहा, वाटीभर मटकीच्या उसळीतून सात-आठ, वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात (घट्ट म्हणजे घट्ट, ज्यात तळ दिसतो त्या आमटीला मी हिशेबात धरत नाही), मूठभर शेंगदाण्यांतून सात, आणि सोया वड्यांची भाजी केलीस तर एकदम बारा-तेरा. झालं की.

मघाशी झिंकचा उपाय सांगते म्हटलं होतं, तो हा: मोड. मटकी रात्री भिजत घाल, सकाळी निथळून फडक्यात घट्ट बांध, दुसऱ्या दिवशी फडक्यातून पांढरे कोंब बाहेर डोकावतात. त्या एवढ्या वेळात फायटेट बरंच कमी झालेलं असतं आणि झिंक, लोह दोन्ही शरीराला जास्त मिळतं. वरून लिंबू पिळ, लोहासाठी. चहा जेवणानंतर तासाभराने, लगेच नको. तीळ, भोपळ्याच्या बिया, काजू यांतही झिंक आहे. कॅल्शियमसाठी तीळ, राजगिरा आणि नाचणी. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. ओमेगा-३ साठी रोज चमचा-दोन चमचे जवसाची चटणी, जवस अख्खं गिळलं तर तसंच बाहेर पडतं, कुटलेलंच हवं. सैंधव बंद कर आणि साधं आयोडीनयुक्त मीठ आण. दूध बंद आणि मीठही बिनआयोडीनचं, मग थायरॉइडला आयोडीन येणार कुठून?

यातलं काहीही तुझ्या आईला नवीन नाही, गंमत हीच आहे. पिठलं-भाकरी, डाळिंब्यांची उसळ, आळूचं फतफतं, शेंगदाण्याची चटणी, थालीपिठावर लोण्याऐवजी ओल्या नारळाची चटणी. तिला वीगन स्वयंपाक गेली तीस वर्षं येतोय, फक्त कुणी तसं म्हटलं नव्हतं. ऑफिसला डबा घेऊन जात जा. तिचा अर्धा राग डबा नको म्हटल्याचा असेल.

आणि तिचं म्हणणं? अर्धं बरोबर आहे. पेलाभर दुधात साधारण १ मायक्रोग्रॅम बी-१२ असतं, ते तू खरंच गमावलंस आणि त्याच्या जागी काही आणलं नाहीस. तुपाबाबत मात्र ती चुकते. बी-१२ पाण्यात विरघळतं, तुपात ते जवळजवळ उतरतच नाही. बुधलीभर खाल्लं तरी मुंग्या जाणार नाहीत.

हे तिला वादात सांगू नकोस. त्यापेक्षा तिच्या शुगरच्या गोळ्यांची स्ट्रिप एकदा उलटी करून बघ, मेटफॉर्मिन लिहिलंय का. बारा वर्षं चालू आहे म्हणतेस तर बहुधा असेलच. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ कमी शोषलं जातं, आणि तिच्याही पायाला मुंग्या येत असतील तर आजवर तिने त्या शुगरच्या खात्यावर टाकल्या असतील. गोळी बंद करायची नाही, फक्त बी-१२ तपासायचं. शनिवारी लॅबमध्ये जाताना तिलाही घेऊन जा, आणि दोघींचे रिपोर्ट मला पाठव.